पाऊल एक, पलटण एक

बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र. 1768 पासूनचा वारसा सांगणारी ही रेजिमेंट. पहाटेच्या गारठ्यात इथल्या मैदानावर रिक्रूट रांगेत उभे राहतात. ‘तेज चल!’ आरोळी घुमते आणि साऱ्यांच्या टाचा एकदम वाजतात. एकाचं पाऊल चुकलं, तर कवायत सगळ्यांनाच पुन्हा करावी लागते. म्हणून रात्री बराकीत, ज्याला जमलं तो न जमलेल्या साथीदाराला शिकवतो. लांब पल्ल्याच्या दौडीत दमलेल्याची रायफल दुसरा खांद्यावर घेतो. शिस्त म्हणजे नुसता हुकूम पाळणं नव्हे. शेजाऱ्याचा आपल्यावरचा विश्वास सांभाळणं. रणांगणावर हाच विश्वास जीव वाचवतो. ‘कर्तव्य, मान, साहस’ हे रेजिमेंटचं ब्रीद असं रोजच्या घामातून अंगी मुरतं.