रविवार आणि आडवाट



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी संप, बोनस किंवा कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी बोलेन, अशी त्यांची समजूत होती. मी म्हणालो, ‘रविवारच्या एका सहलीवर बोलतो.’ त्यांनी हसून मान डोलावली. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, वाचनालयात आणि चुका करून. त्यांतलीच एक चूक आज आपल्यापुढे मांडतो.

आधी रविवारचे सांगतो. आपल्याला वाटते, रविवार हा पंचांगातच सुट्टीचा वार आहे. तसे नाही. मुंबईच्या गिरण्यांत मजूर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत आणि हक्काची अशी साप्ताहिक सुट्टी त्यांना नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी-कामगारांची संघटना उभी केली. अर्ज केले, सभा घेतल्या. १८९० च्या सभेत तर दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे हा वार भांडून मिळवलेला आहे. मग त्याचे आपण करतो काय, हा प्रश्न कामगार चळवळीचाही आहे.

गेल्या भाद्रपदात आम्ही सातजण हरिश्चंद्रगडाला गेलो. आम्ही सारे राळेगणसिद्धी आणि आसपासच्या वाड्यांतले. बहुतेकजण सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. शनिवारची पाळी सुटल्यावर निघालो, आळेफाटा-ओतूरमार्गे रात्री खिरेश्वरला पोचलो आणि पहाटे तोलारखिंडीतून गड चढलो. गडावरचे ते जुने दगडी देऊळ, केदारेश्वराच्या गुहेतले कमरेइतके गार पाणी आणि कोकणकड्याची ती आत वळलेली प्रचंड कातळभिंत! यंत्रापुढे उभे राहून ज्यांचे डोळे हातभर अंतराला बांधले गेले आहेत, अशा माणसांनी ते कोसभर खोल कोकण पाहिले आणि कोणी बोलेना.

आमच्यात बाविशीचा एक कंत्राटी मुलगा होता. गड चढताना बसल्या विसाव्याला तो मोबाईलवर आम्हाला गुलमर्गची चित्रे दाखवत होता. पायाला एक फळी बांधून बर्फाच्या उतारावरून घसरायचे, तेही आखलेली वाट सोडून, कोणाचा पाय न लागलेल्या बर्फातून! आम्ही तोंडात बोटे घातली. त्यानेच पुढे सांगितले की, १ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथल्या अफरवट डोंगरावर बर्फाचा लोंढा कोसळून पोलंडचे दोन स्कीपटू गेले. ‘काका, वाट सोडायची तर डोंगर ओळखणारा माणूस बरोबर पाहिजे,’ असे तो म्हणाला. हे वाक्य त्याचे होते, माझे नव्हे, हे ध्यानात ठेवा.

दुपारी ढग खाली उतरले. गडावर झुणका-भाकरी देणाऱ्या बाईंनी बजावले, ‘मळलेली वाट सोडू नगा.’ पण चौघांची सोमवारी सकाळची पहिली पाळी होती. उशीर झाला होता. वाटेत डाव्या हाताला एक घळ सरळ खाली गेलेली दिसली. मी म्हणालो, ‘हिने उतरू, तासभर वाचेल.’ तो मुलगा म्हणाला, ‘काका, मागं फिरू या.’ मी त्याची थट्टा केली. संघटनेत मी पुढारी, वयाने मोठा. बाकीचे गप्प बसले. त्या गप्प बसण्याला मी संमती समजलो.

घळ ही पाण्याने आपल्यासाठी केलेली वाट असते. पाणी कड्यावरून उडी घेते. माणसाला ती घेता येत नाही. अर्ध्या तासाने आमच्यापुढे पंचवीस फुटांचा ओला कातळ आला. खाली उतरता येईना, वर शेवाळावर पाय ठरेना. परत चढताना तोच मुलगा घसरला आणि त्याचा घोटा मोडला. आमच्या हाका ऐकून खिरेश्वरची माणसे कंदील-बॅटऱ्या घेऊन आली. दोन काठ्या आणि घोंगडी यांची डोली करून त्यांनी त्याला रात्री खाली आणले. सोमवारची पाळी कोणालाच गाठता आली नाही.

सहा आठवडे प्लास्टर. सरकारी विम्यातून उपचार झाले. पण आजारपणाचा रोख भत्ता मिळायला सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते आणि त्याला कामाला लागून दोनच महिने झाले होते. सुट्टीतली इजा कामावरची धरत नाहीत. कंत्राटदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. आम्ही वर्गणी काढून त्याचे घर चालवले. त्यात उपकार नव्हता, माझ्याकडून ती भरपाई होती. तीन महिन्यांनी त्याला दुसरीकडे काम मिळाले.

मित्रहो, माझ्या गावाच्या डोंगरावर १९७५ नंतर लोकांनी श्रमदानाने चर खणले, बांध घातले. का? तर सरळ धावणारे पाणी माती घेऊन जाते. आडवे अडवले की ते मुरते आणि विहिरीला येते. हे मी डोळ्यांनी पाहत मोठा झालो आणि तरीही डोंगरावर सरळ वाटेच्या मोहात पडलो. मळलेली वाट वळणे घेते ती उगीच नव्हे. गुराख्यांनी, लमाणांनी, यात्रेकरूंनी पिढ्यान्‌पिढ्या पाय ठेवून तिची चाचणी घेतलेली असते.

‘मग आडवाटेला जाऊच नये का?’ असे कोणी तरुण विचारील. जरूर जावे! लोखंडेही मळलेल्या वाटेने गेले नव्हते. पण आडवाटेला जायचे तर तिथल्या माणसाला बरोबर घ्यावे, त्याची मजुरी बिनघासाघीस द्यावी आणि जो सगळ्यांत मागे आहे त्याने ‘परत फिरू’ म्हटले की फिरावे. सभेतही हेच. हात वर न करणाऱ्याचे मत विचारावे लागते.

आणि शेवटचे. ज्या घड्याळापासून एक दिवस सुटका व्हावी म्हणून आपल्या आज्यापणज्यांनी झगडून रविवार मिळवला, तेच घड्याळ मी डोंगरावर घेऊन गेलो होतो. तो मुलगा येत्या हिवाळ्यात पुन्हा हरिश्चंद्रगडाला चला म्हणतो आहे. मी होकार दिला आहे. या खेपेला आम्ही सोमवारची रजा आधीच मांडली आहे आणि पुढे तो चालणार आहे.