दाजींच्या दोन बोटी

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

माझे दाजी गेली तीस वर्षं साउदॅम्प्टनला राहतात. निवृत्त झाल्यावर साठवलेल्या पैशातून शिडाची बोट घ्यायची असं त्यांनी ठरवलं आणि सल्ल्यासाठी मला बोलावलं. मी आयुष्य काढलं व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये. शिडाबद्दल मला विचारणं म्हणजे सुताराला सोन्याचा भाव विचारण्यातला प्रकार. पण ताईनं फोनवर सांगितलं, ''तू ये. ते माझं ऐकायचे नाहीत.'' म्हणून गेलो.

दोन वापरलेल्या बोटी त्यांनी हेरून ठेवल्या होत्या. पहिली १९७५ सालची काँटेसा ३२. डेव्हिड सॅडलर यांनी आखलेली ही बोट जेरेमी रॉजर्स यांच्या लिमिंग्टनच्या कारखान्यात १९७१ पासून तयार होऊ लागली आणि सातशेहून अधिक बोटी पाण्यात उतरल्या. दुसरी २००९ सालची, एका मोठ्या कारखान्यात साच्यातून निघालेली. लांबीला दोघी जवळजवळ सारख्या, पावणेदहा मीटरच्या आसपास. पण जुनीची रुंदी २.९ मीटर आणि नवीची जवळपास ३.४. अर्धा मीटर म्हणजे फार वाटत नाही. आत उतरल्यावर मात्र एक चाळीतली खोली वाटते आणि दुसरी फ्लॅट.

नवीत मागच्या बाजूला दोघांची स्वतंत्र खोली, सरळ उभं राहता येईल असं न्हाणीघर, मोठ्या खिडक्या. जुनीत मधे दोन बाक, पुढे नाळेत निमुळती झोपायची जागा आणि जिन्याच्या बाजूला एक बीळ, ज्यात माणसानं पायाकडून सरकत जायचं. ताईनं एकदाच डोकावून विचारलं, ''पाहुणे आले तर?'' दाजी म्हणाले, ''ही १९७९ च्या वादळातून आलेली बोट आहे.'' हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

पण दाजी म्हणत होते ते खरं. म्हणजे हीच बोट नव्हे, हिची बहीण. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतायच्या शर्यतीत ३०३ बोटी उतरल्या होत्या. वाटेत वादळानं गाठलं आणि १५ स्पर्धक दगावले. सगळ्यांत लहान बोटींच्या गटातली फक्त एक बोट शर्यत पुरी करू शकली, ती 'असेंट' नावाची काँटेसा ३२. पुढे ही 'असेंट' आर्क्टिक आणि अंटार्क्टिकापर्यंत जाऊन आली.

याचं कारण तिच्या आकारात आहे. शिडाच्या बोटीच्या तळाखाली वजनदार कील असते. काँटेसाच्या एकूण सव्वाचार टन वजनापैकी दोन टन या कीलमध्ये आहे. लहान मुलांची बुडाशी वजन भरलेली बाहुली कितीही आडवी केली तरी उठून बसते, तसं हे काम. ही बोट सुमारे १५५ अंशांपर्यंत कलली तरी आपण होऊन सावरते. १८० म्हणजे पूर्ण पालथी. आजच्या रुंद, हलक्या बोटींची ही मर्यादा बहुधा ११० ते १३० अंशांच्या दरम्यान असते. रुंद बोट पाटासारखी असते. पाट पाण्यावर सुलटा स्थिर राहतो, पण उलटा झाला तर उलटाही तितकाच स्थिर राहतो.

म्हणून जुनी ती सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती आपल्या मुंबईत बांधलेल्या सागवानी 'सुहेली'तून. तिचीच प्रतिकृती असलेली, गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन कमांडर अभिलाष टॉमी २०१८ च्या शर्यतीत उतरले होते. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेला ती उलथली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली. पुरेशी मोठी लाट आली की आकाराचा मान राखला जात नाही.

शिवाय जुन्या बोटीचं पोट तपासावं लागतं. त्या काळच्या फायबरग्लासमध्ये पाणी मुरून फोड येतात. डेकच्या आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा किती जुन्या, हे विमावाले आधी विचारतात. किमतीत वाचवलेले पैसे दोन वर्षांत दुरुस्तीला गेले, असं पुष्कळांचं होतं. नवीचं दुखणं वेगळं. तिची कील बोल्टनी जोडलेली असते. बोट कधी खडकावर आपटली असेल तर वरून काही दिसत नाही, पण आतला सांगाडा सुटलेला असू शकतो. २०१४ मध्ये 'चीकी राफिकी' या बोटीची कील अटलांटिकमध्ये निखळली आणि चौघं जण गेले. ती बोट अवघी आठ वर्षांची होती. म्हणून मी दाजींना म्हटलं, बोट कुठलीही घ्या, आधी ती पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरला दाखवा. त्याच्या फीमध्ये काटकसर करू नका.

मग मी त्यांची वही मागितली. आधीच्या तीन उन्हाळ्यांत भाड्याच्या बोटींवर दोघांनी एकेचाळीस रात्री काढल्या होत्या. त्यांतल्या एकोणचाळीस बंदरात किंवा नांगर टाकून. रात्रभर शीड उभारून चालवल्याच्या फक्त दोन. हिशेब उघड होता: नवी घ्या. पाण्यातली लांबी जास्त म्हणून ती पळतेही जास्त. ताई खूश झाली, दाजी गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बोटी चालवून पाहिल्या. वारा बरा होता. सॉलेंटच्या त्या अरुंद पाण्यात भरतीचा प्रवाह वाऱ्याच्या उलट लागला की आखूड, उभ्या लाटा उठतात, तशा उठल्या होत्या. नवी बोट बराच वेळ ताठ राहिली. मग एक झोत आला आणि ती एकदम कलून वाऱ्याकडे वळली. ताई तेव्हा खाली होती. त्या प्रशस्त दिवाणखान्यात हाताशी धरायला काही नव्हतं. ती या बाकावरून त्या ओट्यावर जाऊन आदळली. कोपर दोन आठवडे काळंनिळं होतं.

दुपारी जुनी. ती पहिल्याच वाऱ्याला झुकली. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी समुद्राकडे. पण झुकली ती तिथंच थांबली. वर आम्ही दोघं तोंडावर पाणी घेत भिजत होतो. खाली ताई एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला गुडघा टेकवून उभी होती, कारण त्या चिंचोळ्या जागेत दुसरं काही शक्यच नव्हतं. थोड्या वेळानं तिनं जिन्यातून चहाचे तीन पेले वर दिले.

''हीच घ्या,'' ती म्हणाली. ''इथं पडायलासुद्धा जागा नाही.''

सर्व्हेअरनं तारा बदलायला सांगितल्या, त्या बदलल्या. बिस्केच्या उपसागरात अजून दोघं गेलेले नाहीत. दरवर्षी पुढच्या वर्षी जाणार असतात. मी गेलो की मला ते जिन्याजवळचं बीळ मिळतं.