आपला ग्रुप आणि माझी वही
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘आपला व्हॉट्सॲप ग्रुप’. विषय ऐकून काही जण हसले, ते मी इथून पाहिलं. रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात, सूर्योदय येतात, फोन भरून जातो, ही तक्रार खरीच आहे. वार्षिक सभेला कोरम होत नाही आणि ग्रुपवर मात्र पहाटे पाचपासून हजेरी, हेही खरं!

पण एक बघा. फिरत फिरत आलेला मजकूर तुमच्या पुण्याच्या मेव्हण्यालाही आलेला असतो. त्यात आपलं काय? आपल्या ग्रुपवर अधूनमधून असं काही येतं, जे दुसरीकडे कुठंच मिळत नाही. मी त्याबद्दल बोलणार आहे.

दुसऱ्या मजल्यावरचे काका मूळचे हरिपूरचे. टाइप करणं जमायचं नाही, म्हणून बोलून पाठवायचे. हळदीची पेवं आम्हाला त्यांनी समजावली. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत हळद भरायची, तोंड मातीनं बंद करायचं. वर्षानुवर्षं माल टिकायचा. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा कोंदलेली असते. आधी दोरीनं कंदील सोडायचा. विझला, तर थांबायचं. मी बँकेत हळदीच्या तारणावर कर्जं दिली, पण आमच्या गोदामाला कुलूप असायचं. इथं लाखांचा माल जमिनीखाली आणि वरून माणसं चालतायत! काका म्हणायचे, “साहेब, कुलपापेक्षा माती इमानी.” २००५च्या पुरात पाणी पेवांत शिरलं, ते सांगताना मात्र त्यांचा आवाज बसला होता.

मी पडलो सातारचा, मग गप्प कसा बसणार? संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, हे मी टाकलं. वाघ चालून येतोय हे त्यानं भुंकून कळवलं आणि महाराज वाचले, असं सांगतात. त्यावर ब विंगमधल्या पाचवीतल्या चिरंजीवांचा प्रश्न आला, “आजोबा, मग वाघाची समाधी कुठंय?” तीन दिवस तेवढंच चाललं होतं. सहा गल्ल्यांवरून सांगली नाव पडलं की नाही, हा वाद तर अजून मिटलेला नाही. तो मिटूही नये.

सगळ्याच गप्पा रिकामटेकड्या नव्हत्या, बरं का. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत अफवांना ऊत आला होता. काकांनी दोनच वाक्यं पाठवली: २००५ला पाणी आपल्या रस्त्यावर कुठल्या खांबापर्यंत आलं होतं, आणि आज ते त्या खांबापासून किती लांब आहे. तेवढ्यावर तळमजल्याच्या दोन घरांनी रात्रीतच सामान वर हलवलं.

काका गेल्या वर्षी गेले. घरच्यांनी त्यांचा फोन बदलला. इतरांनी जागा करायला ग्रुप केव्हाच साफ केला होता. मला बँकेची सवय, कागदावर नोंद नसली तर झोप येत नाही. त्यांचे सात निरोप मी वहीत उतरवून घेतले होते. आज शिल्लक आहेत ते तेवढेच.

ती वही आता सोसायटीच्या ऑफिसच्या कपाटात ठेवली आहे. निम्म्याहून जास्त कोरी आहे. साताऱ्याचं, सांगलीचं, मिरजेचं, माहेरचं, आजोळचं, काहीही चालेल. अट एकच, ते तुमचं स्वतःचं हवं. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे, त्यांनी बोलावं, मी लिहून घेईन. रविवारी दहा ते बारा मी ऑफिसात बसतो. चहा तुम्ही आणायचा.

वहीत काकांचा एक प्रश्न तसाच राहिलाय. पेवं खणणारी माणसं कुठल्या गावांहून यायची, हे त्यांना शोधायचं होतं. कुणाच्या घरी माहीत असेल, तर मला जिन्यात अडवून सांगितलं तरी चालेल.