उंदराची शेपटी

खांडबाऱ्याला लहानपणी मैत्रिणी माझ्या वेणीला ‘उंदराची शेपटी’ म्हणत. केस सरळ, रेशमासारखे, पण बारीक. मुंडणाने केस दाट येतात म्हणून अम्मीने दोनदा माझा गोटा केला. जावळ काढणाऱ्या शेजारणीही तेच सांगत. केस आले ते तसेच. वस्तरा वरचा केस कापतो. जाडी ठरते त्वचेखालच्या मुळात.

मग अम्मी चपचपीत तेल लावू लागली. सरळ केसावर तेल झरझर उतरते, केस डोक्याला चिकटतात. लग्नात वेणीला गंगावन जोडले, ते भर पंगतीत निसटले. बायका हसल्या. अम्मी मात्र रात्रभर स्वतःलाच दोष देत राहिली.

मैत्रिणींनो, आज मी एवढेच सांगेन. तेल थोडे, तेही न्हाण्याआधी तासभर. ते शिकेकाईने किंवा सौम्य शांपूने नीट धुऊन काढावे. कंडिशनर फक्त टोकांना. केस पुढे झुकून वाळवावेत, भांग अधूनमधून बदलावा. मुळाशी केस उचलले जातात. खांद्यापर्यंत एका रेषेत कापले तर दाट दिसतात. मात्र केस एकाएकी पुंजक्याने गळू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. रक्तातले लोह, थायरॉइड तपासावे.

परवा नातीचा अकीका झाला, जावळ काढले. “आता दाट येतील,” सून म्हणाली. मी म्हटले, “बेटा, रिवाज म्हणून काढले, बस्स. येतील तसे येऊ देत. वेणी मी घालीन, सैलसर.”