चौथा भिडू



ब्रिजला चार माणसे लागतात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तीन जुने खेळाडू जमले असता चौथा का मिळेनासा होतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. नोकरीच्या निमित्ताने मी म्हैसूरला असताना तो विचार करण्याची पाळी माझ्यावर आली. आणि त्याला कारणही मीच होतो.

आमच्या कचेरीत नुकताच लागलेला एक तरुण एके संध्याकाळी चौथा म्हणून आमच्यात बसला. वयाने आणि अधिकारानेही तो आम्हां तिघांहून लहान. तो माझा भिडू होता. डमीच्या हुकमांनी दोन हात मारण्यापूर्वीच त्याने हुकूम खेळून संपवले आणि आमचा डाव बुडाला. मी त्याला त्याची चूक समजावून दिली, असे मला तेव्हा वाटले. वास्तविक मी त्याला चारचौघांत रागावलो होतो. तो पुन्हा खेळावयास आला नाही. कचेरीत मात्र पूर्वीच्याच अदबीने नमस्कार करी, आणि त्या नमस्काराची मला लाज वाटू लागली.

पत्त्यांच्या बाबतीत म्हैसूरचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तेथील तिसरे कृष्णराज वडियार यांच्या हातून कंपनी सरकारने १८३१ साली राज्यकारभार काढून घेतला. पुढे त्यांनी आपले लक्ष कला, ग्रंथ आणि खेळ यांकडे वळविले. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथाच्या ‘कौतुकनिधी’ नामक भागात पत्त्यांचे अनेक खेळ वर्णिले आहेत. एका खेळाला तर तब्बल ३६० पाने! बुद्धीचा केवढा हा विलास! पण तो राजवाड्याच्या परिघातच राहिला, आणि आज ती पाने पाहणारे पुष्कळ असले तरी खेळणारे कोणी नाही.

आपल्या सावंतवाडीची गोष्ट याहून फारशी निराळी नाही. दशावतारी गंजिफाची १२० गोल पाने तेथे अजून हाताने रंगविली जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु घेणारा ती बहुधा भिंतीवर लावण्यासाठी घेतो. चित्र टिकले, खेळ मात्र मागे पडला.

ब्रिजवर ही वेळ येऊ नये, असे वाटत असेल तर दार थोडे रुंद केले पाहिजे. आपण नवख्याला आधी बोलीचे संकेत शिकवितो, आणि ते तर एखाद्या कायद्याच्या पुस्तकाइतके वाढले आहेत. वस्तुतः मराठी घरात मेंढीकोट खेळलेल्या मुलाला भिडू, हुकूम आणि हात म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. तेथूनच आरंभ करावा. युरोपात यासाठी ‘मिनीब्रिज’ प्रचारात आले. त्यात बोली नसतेच. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन व गुलामाचा एक, असे आपापले गुण प्रत्येकाने सांगावयाचे. चाळीसांपैकी ज्या जोडीकडे अधिक, तिचा डाव. तिच्यातील अधिक गुणांचा खेळाडू भिडूची पाने मांडलेली पाहून हुकूम ठरवितो आणि खेळतो. पहिल्याच संध्याकाळी खऱ्या खेळाचा आनंद मिळतो. बोली मागाहून येते.

हा खेळ आयुष्यभर सोबत करतो, हेही तरुणांना सांगावे. २०१८ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक भारताला मिळवून दिले ते साठ वर्षांचे प्रणब बर्धन आणि छप्पन वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी. परंतु साठीला पदक मिळावयाचे, तर विशी-तिशीत कोणी तरी खुर्ची पुढे सरकवावी लागते.

अखेर मी त्या तरुणाची क्षमा मागितली आणि त्याला सपत्नीक घरी बोलाविले. माझी पत्नी आणि मी धरून आम्ही चौघे बोलीविना खेळलो. त्या दिवशी तो माझ्या समोर नव्हे, माझ्या विरुद्ध बसला होता. तिसऱ्या डावात चूक झाली ती माझी. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि मग मोकळेपणी हसला. निघताना त्याच्या पत्नीने विचारले, “पुढच्या रविवारी किती वाजता यावयाचे?”