तिसरा महिना सरेपर्यंत

दिवस राहिले की तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. शेजारीपाजारी सांगू नका, हरकत नाही. पण डॉक्टरांना, आशाताईंनाही ते कळलं नाही तर नुकसान ठरलेलं. बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणारी एनटी सोनोग्राफी 11 आठवड्यांपासून 13 आठवडे 6 दिवसांपर्यंतच होते. बाळ तेव्हा जेमतेम साडेचार ते साडेआठ सेंटिमीटरचं असतं. पुढे ते माप उपयोगाचं राहत नाही. शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. वाफसा आला की पेरायचं. उशीर झाला तर रान तेच, बियाणं तेच, पण ओल उडालेली. वाफसा माती मुठीत दाबून बघतात, तसे इथे शेवटच्या पाळीपासूनचे आठवडे बघायचे. पुन्हा सांगते, महिने नव्हे, आठवडे.

कुणी म्हणेल, इतक्या लवकर कळून जिवाला घोरच ना? ही तपासणी फक्त व्यंगाचा धोका किती ते सांगते. शंका आली तर 15 आठवड्यांनंतर गर्भजल तपासतात, 18 ते 20 आठवड्यांत सगळे अवयव बघतात. गंभीर व्यंग असेल तर गर्भपात कायद्याच्या 2021च्या दुरुस्तीनुसार 24 आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळ गर्भपाताला परवानगी देऊ शकतं, पण तोवर आईचे हाल वाढलेले असतात. शिवाय कळलं म्हणजे गर्भ पाडायचाच, असंही नाही. हृदयाचा दोष आधी समजला तर जिथे तान्ह्या बाळावर शस्त्रक्रिया होते, तिथेच बाळंतपण ठरवता येतं. गुन्हा आहे तो लिंगनिदानाचा, व्यंग शोधण्याचा नाही.

आणि गर्भ टिकलाच नाही तर? पहिल्या तीन महिन्यांत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. हंडा उचलला, पपई खाल्ली म्हणून त्या बाईला बोल लावणं अन्याय आहे. घरात कुणाला सांगितलेलंच नसतं, म्हणून ती दुसऱ्या दिवशी डोळे पुसून चुलीपुढे उभी राहते. तिला विसावा कोण देणार?

फॉलिक ॲसिडच्या गोळीचं राहिलंच. ती तर दिवस राहण्याआधीपासून हवी, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच तयार होते. असो, वेळ संपली. सासूबाईंनो, पाळी चुकली की सुनेला तुम्हीच दवाखान्यात न्या, आणि शेवटच्या पाळीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहायला सांगा.