मुखकर्करोगाच्या खुणा

ग्वाल्हेरच्या लष्करात मांढऱ्यांच्या मातेचे देऊळ ज्या टेकडीवर आहे, तिला लोक आता ‘कॅन्सर पहाडी’ म्हणतात. तेथील कर्करोग रुग्णालयाने देवीच्या टेकडीला हे दुसरे नाव दिले. तंबाखू-सुपारी चघळण्याची सवय या भागात जुनी, आणि त्या सवयीचा रोग गाल, हिरडी व जीभ यांवर येतो.

रोग कोणत्या वळणाने जाईल, हे पेशींतील रेणूंवरून आधीच सांगता येईल काय? अशा खुणांना रेण्वीय निदर्शक म्हणतात. एखाद्या जनुकातील बिघाड किंवा पेशीत अवास्तव साचलेले प्रथिन, असे त्यांचे स्वरूप असते. टॉन्सिलजवळचा घशाचा कर्करोग पॅपिलोमा विषाणूमुळे झाला असेल, तर पेशींत पी-१६ नावाचे प्रथिन वाढते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत घशाच्या अशा विषाणूजन्य रोग्यांपैकी सुमारे ८२ टक्के तीन वर्षांनी हयात होते. इतरांपैकी अवघे ५७ टक्के. एवढे अंतर दाखविणारी खूण मोलाची खरीच.

परंतु तिचे मोल घशापुरते. गाल-हिरडीच्या रोगात ती तसा कौल देत नाही, आणि ग्वाल्हेरकडचा तंबाखूचा रोगी बहुधा तोच रोग घेऊन येतो. २०१३ साली भारतीय शास्त्रज्ञांनी गाल-हिरडीच्या कर्करोगातील जनुके तपासली. टीपी-५३ हे परिचित जनुक बिघडलेले आढळलेच, शिवाय यूएसपी-९-एक्ससारखी नवी नावेही पुढे आली. ज्ञान वाढले, मात्र त्या यादीवरून शस्त्रक्रिया ठरविण्याची रीत अद्याप पडलेली नाही. रोग बळावल्यावर किंवा उलटल्यावर प्रतिकारशक्तीला चेतविणारे औषध द्यावयाचे झाल्यास पीडी-एल-१ या प्रथिनाची तपासणी उपयोगी पडते. औषध मात्र सामान्य घराला न झेपणारे!

उलट, २०१५ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणीने साधीच गोष्ट सिद्ध केली. मुखाच्या आरंभीच्या कर्करोगात मूळ गाठीबरोबरच मानेतील ग्रंथीही काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रोगी जगतात. त्या नंतर दिसतील तेव्हा काढू म्हटल्यास ६७.५ टक्के. येथे कोणतीही महाग खूण लागली नाही.

म्हणून गालावरचा पांढरा किंवा तांबडा चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पूर्ण न उघडणारा जबडा, यांसाठी रक्ताच्या नव्या तपासणीची वाट पाहण्याचे कारण नाही. व्रणाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. मुखकर्करोगाचे निदान आजही तेथेच पक्के होते.